‘विन’, ‘बीट’, ‘डिफीट’, ‘काँकर’ : प्रतिस्पर्ध्यावरील विजयाचे इंग्रजी शब्द

‘पराभव करणे’ यास इंग्रजीत काय म्हणावे हे पाहण्यासाठी आमच्या विद्यार्थ्याने कोश उघडला, तर त्याच्यापुढे शब्दांची एक रासच येऊन पडते. ‘बीट’, ‘डिफीट’, ‘काँकर’, ‘व्हँक्विश’, ‘ओव्हरकम’, ‘सबड्यू’, ‘राऊट’, ‘क्रश’, ‘थ्रॅश’ असे नऊदहा शब्द एका ओळीत स्वल्पविराम देऊन बसविलेले असतात, आणि सर्वांची किंमत सारखीच असावी असे वाटू लागते. मग होते असे की, विद्यार्थी त्यातील जो शब्द लांब आणि भारदस्त दिसेल तो उचलतो. आंतरशालेय कबड्डीचा सामना दोन गुणांनी कसाबसा जिंकलेला संघ त्याच्या वृत्तांतात समोरच्या शाळेस ‘काँकर’ करून मोकळा होतो. आणि इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत पानिपतावर मराठे केवळ ‘बीट’ होतात, जणू काही तो सामना आझाद मैदानावर झाला असावा!

हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. त्यांतील कित्येकांचे मूळ निरनिराळे आहे, व्याकरणही निरनिराळे आहे; परंतु खरा भेद याहून खोल आहे. प्रत्येक शब्द जिंकणाऱ्याची बढाई सांगत नसून हरणाऱ्यापाशी काय उरले हे सांगत असतो. कोणाचा केवळ सामना गेला, कोणाची फळी फुटली, कोणाची भूमी गेली, कोणाचे मन मोडले. हे ध्यानात ठेवून आपण यांतील मुख्य मुख्य शब्दांची ओळख करून घेऊ.

प्रारंभ ‘विन’पासून केला पाहिजे, कारण आमच्याकडील बहुतेक चुका तेथे होतात. मराठीत ‘जिंकणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. आपण सामना जिंकतो, पैज जिंकतो, किल्ला जिंकतो, शत्रूस जिंकतो आणि श्रोत्यांची मनेही जिंकतो. इंग्रजी ‘विन’ मात्र माणसास कर्म म्हणून घेत नाही. ‘वुई वन द मॅच’ हे शुद्ध. ‘वुई वन देम’ हे अशुद्ध. ज्यास हरविले त्याच्यासाठी ‘बीट’ किंवा ‘डिफीट’ हेच आणावे लागते. ‘विन’पुढे सामना, बक्षीस, युद्ध, निवडणूक, खटला, कीर्ती अशीच कर्मे येतात. ‘विन’ आणि ‘ओव्हर’ जोडून माणसाचे नाव घातले तर अर्थ पालटतो. विरोधकास गोडीगुलाबीने आपल्या बाजूस वळविले असा तो होतो. म्हणजे तेथे प्रतिस्पर्धी हरत नाही, तो आपला होतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाचा अर्थ झटणे, झगडणे असा होता. मिळविणे हा अर्थ मागाहून आला.

एक उदाहरण आपल्या मुंबईचेच घेऊ. सन १९०६ च्या फेब्रुवारीत बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघ व युरोपियन संघ यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. हिंदूंच्या धावा पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६०. युरोपियनांच्या १९१ व १०२. वजाबाकी वाचकांनीच करून पाहावी. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. हे इंग्रजीत सांगताना ‘द हिंदूज वन द मॅच’ असे म्हणता येईल, किंवा ‘द हिंदूज बीट द युरोपियन्स’ असे म्हणता येईल. दोन्ही वाक्यांत ‘बाय’ घालून पुढे १०९ धावा लिहाव्या. परंतु ‘द हिंदूज वन द युरोपियन्स’ असे लिहिणाऱ्याचे गुण मात्र परीक्षकाने कापले तर आम्ही त्याची रदबदली करणार नाही.

‘बीट’ हा शब्द मूळचा अगदी रांगडा. मारणे, ठोकणे हाच त्याचा पहिला अर्थ. आजही ढोलावर टिपरी पडते तिला हाच शब्द आहे. परंतु वापरून वापरून त्याची धार इतकी बोथट झाली आहे की, खेळातील साध्या, सरळ, मनात किल्मिष न ठेवणाऱ्या विजयास याच्याइतका योग्य शब्द नाही. मित्र मित्रास बुद्धिबळात ‘बीट’ करितो आणि दोघे एकत्र घरी जातात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांस तो प्रिय आहे, कारण तो चार अक्षरांत मावतो. त्याचे भूतकाळी रूपही ‘बीट’च, ‘बीटेड’ नव्हे, आणि कर्मणी प्रयोगात ‘बीटन’, हे नवशिक्यांनी पाठच करून ठेवावे.

‘डिफीट’ची घडण पाहण्यासारखी आहे. जुन्या फ्रेंच भाषेतून तो इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘केलेले उलगडणे, विस्कटणे’ असा आहे. प्रतिपक्षाने जो बेत रचला, जी तयारी केली, ती आपण निष्फळ केली, हा त्यातील मुख्य भाव. म्हणूनच हा शब्द माणसांपुरता राहत नाही. सभेत ठराव ‘डिफीट’ होतो. अति घाईने काम करणारा स्वतःचाच हेतू ‘डिफीट’ करितो. ‘बीट’ला असे ठरावास हरविता येत नाही. ‘डिफीट’ गंभीर आहे, सभ्य आहे, आणि त्यात हरलेल्याचा अपमान नाही. निवडणुकीस, युद्धास, वादविवादास तो शोभतो.

या शब्दाचा नेमकेपणा आम्हांस एका निवडणुकीमुळे विशेष पटला. वर सांगितलेल्या १९०६ च्या हिंदू संघात बाळू पालवणकर आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे दोघे होते. बाळू हे डाव्या हाताने चेंडू टाकणारे त्या काळचे अव्वल गोलंदाज. चर्मकार कुळात जन्मल्यामुळे पुण्यास खेळताना त्यांस सहकाऱ्यांपासून वेगळे, मातीच्या भांड्यातून चहा प्यावा लागे. ज्यांच्या बरोबरीने मैदानावर झुंजावयाचे त्यांच्याच पंक्तीस बसता येऊ नये, अशी ती स्थिती होती. संघाचे कर्णधार म्हणून त्यांची नेमणूक कधी झाली नाही. ते पद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले, आणि त्याच साली विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले. पुढे १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातील राखीव जागेसाठी काँग्रेसने बाळूंस उभे केले. त्यांच्यासमोर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार कोण होते? डॉ. भीमराव आंबेडकर. सुमारे दोन हजार मतांच्या अंतराने डॉ. आंबेडकर निवडून आले.

आता हे इंग्रजीत लिहावयाचे झाल्यास कोणते क्रियापद घ्याल? ‘क्रश’ म्हटले तर दोन हजार मतांचे अंतर तुम्हांस खोटे पाडील. ‘काँकर’ म्हटले तर हास्यास्पद होईल. ‘बीट’ चालेल, पण थोडे हलके वाटेल. ‘डिफीट’ हाच तेथे एकटा योग्य शब्द. कारण एका बाजूचा बेत निष्फळ झाला, परंतु ज्यांचा तो होता त्यांची योग्यता तसूभरही कमी झाली नाही. आणि ज्या रूढीने बाळूंस वेगळ्या भांड्यातून चहा पाजला, तिच्याविषयी लिहावयाचे असेल तर ‘डिफीट’ही पुरत नाही. तेथे ‘ओव्हरकम’ लागतो. त्याकडे आपण पुढे येऊच.

‘काँकर’ हा राजेरजवाड्यांचा शब्द आहे. ‘शोधून मिळविणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला, म्हणजे मूळचा त्याचा संबंध लढाईशी नसून मिळकतीशी आहे. म्हणूनच देश, किल्ला, प्रांत ही त्याची खरी कर्मे. ‘डिफीट’मध्ये लढाई संपते, ‘काँकर’मध्ये लढाई संपून कारभार सुरू होतो. हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवण्याजोगा आहे, कारण मराठ्यांच्या इतिहासात त्याची उदाहरणे पावलोपावली भेटतात.

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांपासून घेतला आणि त्याबरोबर उत्तर कोकणचा तो मुलूख मराठी राज्यास जोडला गेला. येथे ‘काँकर’ निःसंशय शोभतो. आता १७७९ चे उदाहरण पाहा. मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांस पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठी घाट चढून पुण्याकडे निघाली. तळेगावापर्यंत जाऊन ती मागे वळली, आणि वडगावी मराठ्यांनी तिला असे कोंडले की, जानेवारी महिन्यात इंग्रजांस तेथेच तह लिहून द्यावा लागला. मराठ्यांनी इंग्रजांस ‘डिफीट’ केले हे खरे. परंतु ‘काँकर’ केले असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक. मुंबई बेट इंग्रजांकडेच राहिले, तो तहही त्यांच्या वरिष्ठांनी मानला नाही, आणि युद्ध पुढे चालू राहिले. याउलट १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा इंग्रजांनी जे केले त्यास ‘डिफीट’ हा शब्द अपुरा आहे. तेथे मुलूख गेला, कारभार गेला, म्हणून तेथे ‘काँकर’च लिहिले पाहिजे, मग तो शब्द आपणांस कितीही बोचो.

आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणाविषयी आमचे विद्यार्थी एकच क्रियापद वापरून मोकळे होतात, हे बरे नव्हे. सकाळपासून कित्येक तास मराठे नेटाने लढले. तेवढ्या भागास ‘डिफीट’ हा शब्दही लागत नाही. विश्वासराव पडल्यावर, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाल्यावर फौजेची जी दाणादाण उडाली तिला इंग्रजीत ‘राऊट’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘तुटलेले, फुटलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपल्या बखरकारांचा शब्द आठवा : ‘मोड झाला’. मोड म्हणजे मोडणे. दोन्ही भाषांनी एकच चित्र रंगविले आहे. सैन्याची रांग जोवर रांग आहे तोवर ते हरत असले तरी सैन्य आहे. रांग मोडली की उरतात ती पळणारी माणसे. म्हणून एकट्या माणसाचा ‘राऊट’ होत नाही. तेव्हा त्या दिवसाच्या निकालास ‘डिफीट’, दुपारनंतरच्या पळापळीस ‘राऊट’. परंतु ‘काँकर’ मात्र नाही. अब्दाली त्याच वर्षी आपल्या देशास परत गेला, आणि दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. ज्यास जिंकलेली भूमी राखावयाची नव्हती, किंवा राखता आली नाही, त्यास ‘काँकरर’ म्हणणे म्हणजे शब्दाचा अपव्यय होय.

‘व्हँक्विश’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो काव्यातला आणि भाषणातला शब्द. रोजच्या लिखाणात त्याने येऊ नये. एवढे मात्र सांगतो की, ज्या लॅटिन धातूपासून तो आला त्याच धातूपासून ‘व्हिक्टरी’ आला आणि ‘कन्व्हिन्स’ही आला. म्हणजे एखाद्यास युक्तिवादाने आपले म्हणणे पटविणे हाही मूळचा एक विजयच. वक्तृत्वसभेच्या सभासदांस ही माहिती आवडेल.

‘सबड्यू’ आणि ‘सबज्युगेट’ या दोहोंत हरलेल्याची मान खाली जाते. पहिल्यात माणूस वठणीवर येतो, त्याचा आवेश मावळतो. रागासही ‘सबड्यू’ करितात आणि बंडखोर घोड्यासही. दुसरा अधिक कठोर आहे. त्यातील ‘जुग’ म्हणजे लॅटिन भाषेत बैलाच्या मानेवरील जू. संस्कृतातील ‘युग’, आपले ‘जू’ आणि इंग्रजांचा ‘योक’ ही सर्व एकाच कुळातील भावंडे आहेत. प्राचीन इटलीत शरण आलेल्या सैन्यास भाल्यांचे जू उभारून त्याखालून वाकून जावयास लावीत. खुद्द रोमन सैन्यावरही इसवी सनापूर्वी ३२१ साली सॅम्नाइट लोकांनी ही पाळी आणली होती. म्हणून ‘सबज्युगेट’ हा शब्द राष्ट्रांविषयी, लोकसमूहांविषयी, जातींविषयी वापरावा. हॉकीच्या संघाविषयी कधीही नव्हे.

आता थोडे त्या शब्दांकडे वळू, जे मुलांस सर्वांत अधिक आवडतात. ‘थ्रॅश’ हा धान्य झोडण्याचा शब्द आहे. ‘थ्रेश’ म्हणजे पेंढ्या आपटून दाणे काढणे, आणि ‘थ्रॅश’ हे त्याचेच दुसरे रूप. गिरगाव-लालबागेतील ज्या कुटुंबांचे गाव कोकणात आहे त्यांच्या मुलांनी भाताची झोडणी पाहिली असेल. त्यांस ‘झोडपून काढणे’ हा आपला वाक्प्रचार आणि इंग्रजी ‘थ्रॅश’ यांचे गोत्र निराळे सांगावयास नको. ‘ट्राऊन्स’ही याच पंगतीतला. ‘क्रश’ म्हणजे चिरडणे. हे शब्द वापरण्यास आमची हरकत नाही. त्यांस अंतर मात्र हवे. कबड्डीत समोरच्या सातही गड्यांस बाद करून लोण चढविले, तेही एकदा नव्हे, दोनदा-तीनदा; खो-खोत एक डाव राखून विजय मिळविला; क्रिकेटात एक डाव आणि वर शंभर धावांनी; तेथे खुशाल ‘थ्रॅश’ लिहावे. सन १८९० च्या जानेवारीत मुंबईच्या पारशी संघाने इंग्लंडाहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघावर चार गडी राखून विजय मिळविला. तो विजय केवढा मोठा होता! पाहुण्या संघास आपल्या भूमीवर हरविता येते हे त्याने या शहरास दाखविले. तरीही त्यास ‘थ्रॅश’ म्हणता येणार नाही, कारण विजयाची थोरवी निराळी आणि विजयाचे अंतर निराळे. ‘थ्रॅश’ केवळ अंतर मोजतो. चुरशीच्या सामन्यासाठी इंग्रजीत ‘एज आऊट’ असा गोड प्रयोग आहे. काठाकाठाने पुढे सरकून दुसऱ्यास मागे टाकणे हे चित्र त्यात दिसते. आमच्या वृत्तांतलेखकांनी तो फारसा वापरल्याचे दिसत नाही. कदाचित काठावर जिंकलो हे कबूल करावयास मन धजत नसावे.

काही विजय असे असतात की, त्यांत लढाईच होत नाही. १६६६ साली आग्र्याच्या कैदेतून शिवाजी महाराज निसटले. त्यांनी औरंगजेबास ‘डिफीट’ केले का? तलवार तर म्यानातच होती. येथे इंग्रजी भाषा ‘आऊट’ हा उपसर्ग पुढे करिते : ‘आऊटविट’, बुद्धीने मागे टाकणे. आपण म्हणतो, हातावर तुरी दिल्या. याच रीतीने खेळात वरचढ ठरणे ते ‘आऊटप्ले’, अधिक काळ तग धरणे ते ‘आऊटलास्ट’, संख्येने भारी होणे ते ‘आऊटनंबर’. या गटाचा विशेष असा की, तो विजयाचे साधन सांगतो. ‘बीट’ केले म्हटल्यावर ‘कशाने?’ हा प्रश्न उरतो. ‘आऊटविट’ केले म्हटल्यावर उरत नाही.

वर आम्ही ‘ओव्हरकम’विषयी सांगण्याचे कबूल केले होते. या शब्दासमोर बहुधा माणूस नसतो; अडचण, भीती, आजार, दारिद्र्य, पूर्वग्रह असे काही तरी असते. मराठीत यास ‘मात करणे’ हा तंतोतंत शब्द आहे, आणि विभक्तीही पाहण्यासारखी आहे : शत्रूस हरवावयाचे, शत्रूचा पराभव करावयाचा, परंतु अडचणीवर मात करावयाची. अडचण पायाखाली घालून तिच्या वर उभे राहावयाचे असते. इंग्रजीतील ‘ओव्हर’ तेच सांगतो. हा शब्द कर्मणी प्रयोगात आला की मात्र सावध असावे. ‘ही वॉज ओव्हरकम विथ ग्रीफ’ म्हणजे त्याने दुःखावर मात केली असे नव्हे. दुःखानेच त्याच्यावर मात केली, त्यास गहिवरून आले.

‘मात’ हा आपला शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला. फारसीतील ‘शाह मात’पासून इंग्रजांचा ‘चेकमेट’ झाला, आणि त्यातील ‘चेक’ म्हणजे आपला ‘शह’च होय. तेव्हा हा एक शब्द तरी असा आहे की जो इंग्रजीतून मराठीत आणावा लागत नाही. दोघांनीही तो एकाच घरातून उसना आणला आहे. शह दिला म्हणजे राजास अडविले, मात केली म्हणजे डाव संपविला. ‘चेक’ आणि ‘चेकमेट’ यांतील भेद हाच. १८९६ साली मुंबईत प्लेगाने थैमान घातले तेव्हा डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांचीच प्रयोगशाळा पुढे परळास आली. आज तेथे त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. इंग्रजी पुस्तकांत कोठे कोठे प्लेग ‘काँकर’ झाल्याचे लिहितात. आमच्या मते त्या लसीने प्लेगास ‘चेक’ केले, मात नव्हे; तो रोग त्यानंतरही अनेक वर्षे या शहरात परत परत येत राहिला. देवी या रोगाचा मात्र १९८० साली जगातून नायनाट झाल्याचे जाहीर झाले. त्यास ‘इरॅडिकेट’, म्हणजे मुळासकट उपटणे, हा शब्द आहे, आणि तो सार्थ आहे.

बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे, तर गिरगावच्या ‘नवाकाळ’ पत्राच्या खाडिलकर घराण्यातील तीन भगिनींचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे प्रशस्त नव्हे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती यांनी जिंकली. जयश्री आणि रोहिणी यांनीही ते विजेतेपद पुढे मिळविले. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा हरकत घेण्यात आली, आणि स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय जागतिक संघटनेकडून यावा लागला. पटावरील प्रतिस्पर्ध्यास ‘बीट’ करावयाचे, विजेतेपद ‘विन’ करावयाचे, आणि ती हरकत ‘ओव्हरकम’ करावयाची. एका वाक्यात तिन्ही क्रियापदे योग्य जागी घालण्याचा हा चांगला अभ्यास होईल.

जाता जाता फारसीतून आलेल्या आणखी एका शब्दाची गंमत सांगतो. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत मोडणे, हार. आपण मात्र ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे म्हणतो, म्हणजे मोडेपर्यंत, हार येईपर्यंत यत्न केला. हारीच्या शब्दातून पराकाष्ठेचा अर्थ काढणारी आपली भाषा आहे, याचा अभिमान कोणास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही.

हरणाऱ्याच्या बाजूने बोलतानाही असाच विवेक लागतो. मराठीत ‘हरवणे’ एकच; छत्री हरवते आणि प्रतिस्पर्ध्यासही हरवितात. म्हणून आमची मुले ‘वुई वेअर लॉस्ट’ असे लिहून बसतात. त्याचा अर्थ ‘आम्ही हरलो’ असा नसून ‘आम्ही वाट चुकलो’ असा होतो! ‘वुई लॉस्ट द मॅच’, किंवा ‘वुई लॉस्ट टु देम’ असे म्हणावे. ‘यील्ड’ म्हणजे दबावापुढे वाकणे. ‘सरेंडर’ म्हणजे रीतसर शरण जाणे, शस्त्र खाली ठेवणे. ‘कन्सीड’ म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे किंवा विजय मान्य करणे. ‘गिव्ह इन’मध्ये दुसऱ्यापुढे माघार आहे, ‘गिव्ह अप’मध्ये स्वतःच प्रयत्न सोडणे आहे, दुसऱ्यात समोर कोणी असावयासच पाहिजे असे नाही.

शेवटी एक असे उदाहरण घेतो की, ज्याचे उत्तर आम्हांसही सहज देता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांनी संप सुरू केला. लालबाग, परळ, वरळी, भायखळा, सर्व गिरणगावाचे भोंगे थांबले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडील, आजोबा त्या संपात होते. संप वर्षभराहून अधिक काळ चालला. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा मात्र कधी झालीच नाही. मागण्या पदरात पडल्या नाहीत. कोणी कामावर परतले, कोणास परत घेतले गेले नाही, कोणी गावी जाऊन शेती धरली, कोणी दादरच्या बाजारात पाटी घेऊन बसले. पुढील वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली.

या घटनेस कोणते क्रियापद लावावे? मालकपक्षाचे इंग्रजी लेखक ‘द स्ट्राइक वॉज ब्रोकन’ असे लिहितात. त्यात संप ही एक वस्तू होते आणि ती मोडणारा हात दृष्टीआड राहतो. ‘क्वेल’ किंवा ‘सप्रेस’ म्हटले तर दंगल शमविल्याचा भास होतो. हे शब्द नेहमीच सत्ताधाऱ्याच्या खुर्चीवरून बोलतात. ‘द स्ट्राइक फेल्ड’ हे खरे आहे, पण त्यात माणसे कोठेच नाहीत. ‘द वर्कर्स सरेंडर्ड’ हे तर असत्यच, कारण शरणागतीचा कागद कोणी लिहिला नाही. ‘डिफीटेड’ म्हणावे, तर त्यात निदान झुंज झाल्याची कबुली आहे आणि हरलेल्याची अवहेलना नाही. म्हणून आम्ही आजवर तोच वापरीत आलो. परंतु ज्या आवारात सूत निघे तेथे आता लोअर परळास फिनिक्स गिरणीच्या जागी झाले तसे दुकानांचे महाल आणि काचेचे मनोरे उभे आहेत. आणि ‘काँकर’ या शब्दाचे खरे कर्म भूमी हेच होय, असे आम्ही वर सांगून बसलो आहो.

उंच वर्गातील विद्यार्थ्यांनी हा प्रश्न घरी न्यावा. ज्यांच्या घरी त्या काळचे कोणी वडीलधारे असतील त्यांनी त्यांस जवळ बसवून प्रथम मराठीत विचारावे की, ‘त्या वेळी आपण हरलो, दमलो, की फसविले गेलो?’ आणि जे उत्तर मिळेल ते लिहून घेऊन मगच त्याचे इंग्रजी करावे.